दोन वर्षांच्या आतील आतड्याचा दाह: बालरोगतज्ज्ञांना एक खुले पत्र

सन्माननीय बालरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

पोटाचे विकार असलेली मुले तपासणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे आणि ही मुले माझ्यापर्यंत येतात ती बहुतेक वेळा आपल्या हातून येतात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. विषय आहे सहा वर्षांच्या आत, आणि विशेषतः दोन वर्षांच्या आत, सुरू होणारा आतड्यांचा दाहरोग, ज्याला आपण सगळे आयबीडी म्हणतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की दोन वर्षांच्या आतील बाळाच्या आतड्यात टिकून राहिलेला दाह दिसला, तर त्यामागे प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष असू शकतो असे धरूनच पुढे जावे, आणि हा प्रश्न पहिल्याच महिन्यात विचारावा. तीन औषधे हरल्यावर तो विचारण्यात फार उशीर झालेला असतो.

आधी माझीच चूक सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अकरा महिन्यांचा एक मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याची फाइल चांगलीच जाड झाली होती. पाचव्या महिन्यापासून शौचातून रक्त आणि आव पडत होती, दुधाची ॲलर्जी समजून तीनदा दुधाचा डबा बदललेला होता, मधल्या काळात कुल्ल्यावर गळू होऊन दोनदा पू काढावा लागला होता, आणि बीसीजी टोचल्यानंतर काखेत आलेली गाठ फुटून कितीतरी आठवडे वाहत राहिली होती. हे सगळे त्या फाइलमध्ये वेगवेगळ्या पानांवर, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत होते, आणि मी ते वेगवेगळेच वाचले. कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्यात व्रण दिसले, बायॉप्सीत ग्रॅन्युलोमा (दाहक पेशींचा घट्ट पुंजका) आला, क्षयरोग नाही याची शक्य तेवढी खात्री केली आणि क्रोन्स डिसीज, म्हणजे आयबीडीचा एक प्रमुख प्रकार, असे निदान लिहून मी मोकळी झाले. स्टिरॉइडने बाळ सुधारले आणि डोस उतरवताच पुन्हा बिघडले. मग इन्फ्लिक्सिमॅब, म्हणजे दाह भडकवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला रोखणारे औषध, द्यायचे ठरले. आदल्या संध्याकाळी औषधापूर्वीच्या तपासण्यांचे कागद भरताना निवासी डॉक्टरने सहज विचारले, "मॅडम, याची डीएचआर झाली आहे का?" झाली नव्हती.

डीएचआर ही चाचणी दिसायला अगदी साधी आहे. रक्तातील न्यूट्रोफिल पेशींना चेतवले की निरोगी पेशी जंतू मारण्यासाठी ऑक्सिजनपासून अतिक्रियाशील रेणू तयार करतात, त्या रेणूंमुळे पेशींत सोडलेले रंगद्रव्य चमकू लागते, आणि फ्लो सायटोमीटरच्या आलेखावरचा उंचवटा डावीकडून उजवीकडे सरकतो. सोबत पाठवलेल्या निरोगी व्यक्तीच्या नमुन्यात तो सरकला. बाळाच्या नमुन्यात तो जागचा हलला नाही. आईच्या नमुन्यात मात्र दोन उंचवटे दिसले, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, कारण तिच्या काही पेशींत सदोष एक्स गुणसूत्र कामाला लागलेले होते आणि उरलेल्यांत चांगले. बाळाला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजे न्यूट्रोफिलना जंतू नीट मारता न येण्याचा जन्मजात आजार, होता, एक्स गुणसूत्रावरील सीवायबीबी या जनुकातील दोषामुळे झालेला. नंतर कळले की आईचा एक भाऊ लहानपणीच न्यूमोनियाने गेला होता. माझ्या पहिल्या तपासणीच्या छापील कागदावर 'कौटुंबिक इतिहास' या मथळ्याखाली 'विशेष नाही' या पर्यायावर माझ्याच हाताने केलेली खूण आजही आहे. या आजारात टीएनएफ-विरोधी औषधे दिल्यावर जीवघेणे जंतुसंसर्ग झाल्याच्या, मृत्यूच्याही नोंदी आहेत, आणि इन्फ्लिक्सिमॅबची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळी लागणार होती.

वयाला एवढे महत्त्व का द्यायचे, हा प्रश्न आपल्या मनात येईल. आयबीडीच्या वर्गीकरणाचा इतिहास पाहिला तर वयाची ही रेषा हळूहळू खाली सरकत आलेली दिसते. २००५ च्या माँट्रियल वर्गीकरणात सोळा वर्षांपर्यंतची सगळी मुले एकाच गटात होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅरिस वर्गीकरणाने दहा वर्षांच्या आतील मुले वेगळी काढली. त्यानंतर सहा वर्षांच्या आत सुरू होणारा अतिबालवयीन आयबीडी, दोन वर्षांच्या आतला शिशुवयीन आणि पहिल्या २८ दिवसांतला नवजात आयबीडी असे आणखी बारीक गट रूढ झाले. या रेषा कुणी हौसेने आखलेल्या नाहीत. वय जितके कमी, तितका एकाच जनुकातील दोषामुळे आजार झालेला असण्याचा संभव जास्त, हा अनुभव जगभरातून पुन्हा पुन्हा येत गेला म्हणून त्या आखाव्या लागल्या.

मोठ्या माणसांच्या आयबीडीचे आनुवंशिक गणित निराळे आहे. २००१ मध्ये क्रोन्स डिसीजशी जोडलेले पहिले जनुक, नॉड-२, सापडले आणि तेव्हापासून जीनोममधील २०० हून अधिक जागांचा या आजारांशी संबंध दाखवला गेला आहे. त्यांतील प्रत्येक जागेचा वाटा लहान असतो. नॉड-२ मधील हे फरक घेऊन हिंडणाऱ्या बहुसंख्य माणसांना जन्मभर काहीही होत नाही, म्हणून एखाद्या बाळाच्या अहवालात नॉड-२ चा फरक दिसला एवढ्यावरून उत्तर सापडले असे मानू नये. एकजनुकीय आजारात मात्र एकच बिघाड सगळे यंत्र बंद पाडायला पुरतो. अशा जनुकांची यादी ७५ च्या पुढे गेलेली आहे आणि त्यांपैकी बहुतेक जनुके मुळात प्रतिकारशक्तीशास्त्राच्या पुस्तकातली आहेत. पोटाच्या डॉक्टरला ती शिकवली गेली नव्हती. मलाही नव्हती.

यात इंटरल्यूकिन-१० चे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. आतड्यात अब्जावधी जिवाणूंच्या शेजारी राहणाऱ्या प्रतिकारपेशींना सतत 'पुरे' असे सांगावे लागते, आणि हा निरोप पोहोचवणारे एक मुख्य प्रथिन म्हणजे इंटरल्यूकिन-१०. २००९ मध्ये हॅनोव्हर येथील क्रिस्टोफ क्लाइन यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की हा निरोप ऐकणाऱ्या, पेशीवरील ग्राहक-प्रथिनाच्या (रिसेप्टरच्या) दोन भागांपैकी कोणताही एक बिघडला, तरी जन्मानंतर थोड्याच काळात अत्यंत तीव्र कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, होतो. त्या बाळांपैकी एकाला मूळपेशी प्रत्यारोपणाने आराम पडला. ही बाळे बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच आजारी पडतात. गुदद्वाराभोवती खोल व्रण आणि भगंदर, त्वचेवर केसांच्या मुळाशी होणारे पुटकुळ्यांचे दाह, कधी सांधे सुजणे, असे त्यांचे रूप असते. स्टिरॉइड, अझाथायोप्रिन, टीएनएफ-विरोधी औषधे यांनी त्यांना टिकाऊ गुण येत नाही. पुढे लिम्फोमाचाही (लसीका पेशींच्या कर्करोगाचाही) धोका असतो. अशा बाळाचे मोठे आतडे काढून टाकण्यापूर्वी कुणीतरी ग्राहकाची चाचणी करायला हवी, कारण दोष आतड्यात नसून रक्तातील पेशींत आहे.

दोनच वर्षांनी, २०११ मध्ये, विस्कॉन्सिनमधील एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याचा आजार पंधराव्या महिन्यात गुदद्वाराजवळच्या गळवांनी सुरू झाला होता आणि पुढे आतड्यातून थेट पोटाच्या त्वचेपर्यंत भगंदरे गेली होती. सर्व ज्ञात तपासण्या झाल्या, निदान लागले नाही, आणि शेवटी त्याच्या सर्व जनुकांच्या प्रथिने घडवणाऱ्या भागाचे वाचन करण्यात आले. दोष एक्सआयएपी जनुकात निघाला. हे जनुक एप्स्टीन-बार विषाणूनंतर होणाऱ्या हिमोफॅगोसायटिक आजाराशी, म्हणजे प्रतिकारपेशी बेफाम होऊन स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतात त्या जीवघेण्या विकाराशी, जोडलेले होते, आतड्याच्या एवढ्या तीव्र आजाराशी नाही. प्रत्यारोपण करण्याचा निर्णय त्या हिमोफॅगोसायटिक संकटापासून बचाव म्हणून झाला, आणि त्यानंतर मुलगा जेवू लागला व आतड्याचा आजार परतला नाही असे त्या अहवालात नोंदलेले आहे. आतड्याकडे पाहून उत्तर मिळत नव्हते, ते प्रतिकारशक्तीकडे पाहून मिळाले.

आता आपल्या तपासणीच्या खोलीत काय पाहावे, याकडे वळते. शौचात रक्ताचे तार दिसणारी बहुतेक बाळे आयबीडीची नसतात, हे मी सर्वांत आधी मान्य करते. दुधातील प्रथिनांच्या ॲलर्जीने होणाऱ्या प्रॉक्टोकोलायटिसचे (गुदाशय व मोठ्या आतड्याच्या दाहाचे) बाळ हसरे असते, त्याचे वजन भरत असते, आणि आईच्या आहारातून किंवा बाळाच्या दुधातून ते प्रथिन काढले की काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत, रक्त थांबते. संशय सुरू व्हायला हवा तो इथेच. एकदा नीट पाळलेल्या पथ्यानंतरही रक्त थांबत नसेल, तर दुसरा आणि तिसरा डबा बदलून वेळ घालवू नये. वाढीच्या तक्त्यावरची वजनाची रेषा सपाट होऊन खालची रेषा ओलांडत असेल, तर तो दिवस पुढच्या तपासणीचा आहे. आधी वजन थांबते आणि मागोमाग उंची. उंचीची रेषा वाकलेली दिसते तेव्हा आपण काही महिने गमावलेले असतात.

दुसरी गोष्ट अगदी घरगुती वाटेल, पण डायपर पूर्ण काढून, पाय वर घेऊन, उजेडात गुदद्वार पाहावे. बद्धकोष्ठाच्या बाळात पुढच्या मध्यरेषेवर दिसणारी त्वचेची लहानशी घडी निरुपद्रवी असते. जाड, सुजलेले, जांभळट मांसल पट्टे, एका बाजूला सरकलेला खोल व्रण, किंवा जिथून थेंबभर पू येतो असे टाचणीच्या टोकाएवढे छिद्र यांचा अर्थ वेगळा आहे. 'वारंवार गळू' हे शब्द फाइलमध्ये दिसले की ते गळू कुठे होते हेही विचारावे, कारण मानेवरचे गळू आणि गुदद्वाराशेजारचे गळू यांची किंमत सारखी नसते.

बाकीच्या खुणा आतड्याबाहेर असतात आणि त्या आपल्यालाच आधी दिसतात, कारण माझ्याकडे बाळ येते ते फक्त पोटासाठी. इसब, वारंवार कान फुटणे, न्यूमोनिया आणि रक्तस्राव यांच्या जोडीला प्लेटलेट कमी असतील तर विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम हा प्रतिकारशक्तीचा जन्मजात आजार आठवावा. आयबीडीच्या सक्रिय दाहात प्लेटलेट सहसा वाढतात, त्यामुळे कमी आणि शिवाय आकाराने लहान प्लेटलेट हा अहवाल वाचताना थांबायलाच हवे. मुलाला पहिल्याच वर्षात मधुमेह, इसब आणि न थांबणारे जुलाब असे तिन्ही असतील तर फॉक्सपी-३ जनुकातील दोषाचा, म्हणजे आयपेक्स या आजाराचा, विचार करावा. लोकरीसारखे ठिसूळ केस आणि जन्मापासूनचे जुलाब हे एका वेगळ्याच जनुक-जोडीचे लक्षण आहे. आतड्याचे अनेक भाग जन्मतःच बंद असल्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या बाळाला पुढे कोलायटिस झाला, तर टीटीसी-७ए या जनुकाकडे बोट जाते.

तपासण्यांच्या बाबतीत मला अहवालांपेक्षा त्यांच्या वाचनाची काळजी वाटते. शौचातील कॅलप्रोटेक्टिनची (आतड्याचा दाह दाखवणाऱ्या प्रथिनाची) ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम ही रूढ मर्यादा मोठ्या मुलांसाठी आणि प्रौढांसाठी आहे. निरोगी तान्ह्या बाळात हा आकडा काही शेकड्यांत जाऊ शकतो, म्हणून एकट्या त्याच आकड्यावर ना घाबरावे ना निर्धास्त व्हावे. लिम्फोसाइटची संख्या हे याच्या उलट उदाहरण आहे. घन मिलिमीटरला २००० ही संख्या प्रौढात बिनघोर आहे, पण तान्ह्या बाळात ती कमी आहे, आणि प्रयोगशाळेचा छापील कागद प्रौढांची मर्यादा लावून तिच्यापुढे कसलीही खूण करत नाही. इम्युनोग्लोब्युलिन-जी पहिल्या काही महिन्यांत मुख्यतः आईचे असते, त्यामुळे तेही वयाच्या तक्त्याशी ताडूनच वाचावे लागते. सीआरपी (रक्तातील दाहाची एक खूण) सामान्य आहे म्हणून आतड्यात दाह नाही असे होत नाही. पॅथॉलॉजिस्टला बाळाचे वय आणि संशय कळवला, तर तो बायॉप्सीत प्लाझ्मा पेशींचा अभाव, आवरणातील पेशींचे अतिरिक्त मरण किंवा रंगद्रव्य भरलेल्या मॅक्रोफेज पेशी मुद्दाम शोधतो. न कळवल्यास 'दीर्घकालीन सक्रिय कोलायटिस' एवढेच उत्तर येते, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

जनुकीय तपासणीबद्दल दोन्ही टोकांची मते माझ्या कानावर येतात. काही सहकारी म्हणतात की एक्झोम, म्हणजे सर्व जनुकांच्या प्रथिने घडवणाऱ्या भागाचे वाचन, पाठवले की काम संपले. ते संपत नाही. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजला कारणीभूत असणाऱ्या एनसीएफ-१ या जनुकाच्या जवळजवळ हुबेहूब पण निकामी प्रती शेजारीच असतात, आणि नेहमीच्या वाचनपद्धतीला खरे व खोटे जनुक वेगळे करणे अवघड जाते. अशा ठिकाणी डीएचआरचा साधा आलेख लाखो अक्षरांच्या वाचनापेक्षा विश्वासार्ह ठरतो. 'अर्थ अनिश्चित' असा शेरा असलेले फरक जवळपास प्रत्येक अहवालात असतात. त्या शेऱ्यावर प्रत्यारोपणाचा निर्णय घेता येत नाही. त्या प्रथिनाचे काम खरोखर बिघडले आहे का हे पेशींवर तपासून पाहावे लागते, उदाहरणार्थ इंटरल्यूकिन-१० घातल्यावर पेशी त्याला प्रतिसाद देतात की नाही हे. दुसरे टोक म्हणजे, बहुतेक मुलांत काही सापडतच नाही, मग आईवडिलांना एवढ्या काळजीत का टाकायचे, हा आक्षेप. त्यातले पहिले अर्धे खरे आहे. सहा वर्षांच्या आतील मुलांतही बहुतेकांत एकच दोषी जनुक सापडत नाही, आणि ती मुले नेहमीच्या उपचारांनीच, म्हणजे क्रोन्स डिसीज असेल तर सहा ते आठ आठवडे केवळ द्रव पोषणावर ठेवून, नंतर योग्य ती औषधे देऊन सांभाळावी लागतात. त्यांतल्या कितीतरी जणांचा आजार मोठ्या आतड्यापुरता असतो आणि त्याला क्रोन्स म्हणावे की अल्सरेटिव्ह कोलायटिस (आयबीडीचा दुसरा प्रमुख प्रकार) हे कित्येक वर्षे ठरत नाही, हेही पालकांना प्रामाणिकपणे सांगावे.

मात्र ज्या थोड्यांत जनुक सापडते, त्यांचा सगळा मार्ग त्या एका कागदाने बदलतो. इंटरल्यूकिन-१० च्या ग्राहकातील दोषाला प्रत्यारोपण हाच उपचार आहे. टीटीसी-७ए च्या दोषात बिघाड आतड्याच्या आवरणातही असल्यामुळे प्रत्यारोपणाने आतडे दुरुस्त होत नाही, आणि हे आधी कळले तर बाळाला त्या जोखमीतून नेण्यापूर्वी दहादा विचार होतो. एलआरबीए किंवा सीटीएलए-४ या जनुकांमध्ये दोष असेल तर ॲबाटासेप्ट हे औषध नेमके त्याच उणिवेची भरपाई करते. ग्लायकोजेन साठवणुकीच्या आजाराच्या १-बी प्रकारात न्यूट्रोफिल कमी पडून क्रोन्ससारखाच आजार होतो, आणि मुळात मधुमेहासाठी तयार झालेल्या एम्पाग्लिफ्लोझिनने त्या न्यूट्रोफिलना मारणारा पदार्थ लघवीवाटे बाहेर जाऊन मुले सुधारल्याचे २०२० पासून प्रसिद्ध होत आहे. ते वाचले त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला होता, कारण असे सरळ उत्तर आमच्या शाखेत क्वचितच मिळते. आणि पुढच्या बाळाचा प्रश्न तर आहेच. अप्रकट दोषात (आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत आली तरच आजार होतो अशा) प्रत्येक गरोदरपणात चारात एक, आणि आई एक्स-संलग्न दोषाची वाहक असेल तर प्रत्येक मुलग्यामागे दोनात एक, असा धोका असतो. आईवडिलांना हे दुसरे मूल आजारी पडल्यावर कळणे मला क्षम्य वाटत नाही.

म्हणून आपल्याला माझी विनंती आहे. असे बाळ माझ्याकडे किंवा माझ्यासारख्या कुणाकडेही पाठवताना सोबतच्या पत्रात रक्त पहिल्यांदा कोणत्या आठवड्यात दिसले, पथ्याने नेमके काय झाले आणि किती दिवसांत, गळवे कुठे व कितीदा झाली, बीसीजीच्या जागी किंवा काखेत काय झाले, हे लिहावे, आणि जन्मापासूनच्या वजनांची नोंद असलेले पान जोडावे. दोन वर्षांच्या आतील बाळ असेल तर स्टिरॉइड सुरू करण्यापूर्वी पूर्ण रक्तगणना, इम्युनोग्लोब्युलिन आणि डीएचआरसाठी रक्त घेऊन ठेवावे, कारण स्टिरॉइडनंतर लिम्फोसाइट व इम्युनोग्लोब्युलिन यांचे आकडे वाचणे कठीण होते. डीएचआरचा नमुना शिळा चालत नाही. तो त्याच दिवशी, निरोगी व्यक्तीच्या नमुन्यासह निघावा, आणि बाळ मुलगा असेल तर आईचेही रक्त सोबत द्यावे. बाळ फार आजारी असेल तर या तपासण्यांसाठी उपचार अडवून ठेवू नयेत, पण टीएनएफ-विरोधी औषधाचा पहिला डोस डीएचआरचे उत्तर हातात येईपर्यंत थांबू शकतो, आणि तो थांबवावा. प्रतिकारशक्तीच्या दोषाचा संशय पत्रात स्पष्ट लिहिला असेल, तर जिवंत लस देण्याचा निर्णयही पुढचा डॉक्टर घाईने घेणार नाही.

माझ्याकडून मी एवढे केले आहे, की तपासणीच्या छापील कागदावरून 'विशेष नाही' हा पर्याय काढून टाकला आहे. त्या जागी आता तीन कोऱ्या ओळी आहेत: आईचे भाऊ आणि आईचे मामा, या आधीची बाळे, आईवडिलांचे आपसातले नाते. त्या भरल्याशिवाय मी आता कोलोनोस्कोपीची तारीख देत नाही.

आपली नम्र,
एक बाल-पोटविकारतज्ज्ञ